गोष्ट सांगतंय कोण

टॉलस्टॉयची ॲना कॅरेनिना संपवून पुस्तक मिटलं तेव्हा मला सगळ्यात आधी आठवली ती अळंबी. ॲना नाही, आगगाडी नाही, तिचा प्रियकर व्रॉन्स्की तर नाहीच नाही. आठ भागांची एवढी जाडजूड कादंबरी आणि मनात काय बसलं तर जंगलात अळंबी गोळा करत फिरणारी दोन माणसं, ज्यांना काढून टाकलं तरी मुख्य गोष्टीचं काही अडणार नाही.

कादंबरीतला दुसरा नायक म्हणजे जमीनदार लेव्हिन, त्याचा सावत्र भाऊ सर्गेई, पुस्तकी, अभ्यासू, लग्नाचा विचार कधीच मागे टाकलेला माणूस, आणि वारेन्का, शांत, सगळ्यांचं करणारी मुलगी. मुलं लांब गेलीयेत, हे दोघंच मागे राहिलेत. त्यानं मनाशी पक्कं केलंय की आज विचारायचंच, कसं विचारायचं ती वाक्यंसुद्धा मनात तयार आहेत, तिलाही कळलंय की आता तो विचारणार, छाती धडधडतेय तिची. दोघं गप्प. आणि तिला ते गप्प राहणं झेपत नाही म्हणून ती अळंबीबद्दलच काहीतरी बोलून जाते. झालं. तो परत सगळा धीर गोळा करून तोंड उघडतो आणि बाहेर काय पडतं, तर पांढऱ्या अळंबीत आणि बर्चच्या अळंबीत फरक काय असतो. ती थरथरत्या ओठांनी सांगते की वरच्या टोपीत फारसा नसतो, देठात असतो. आणि दोघांनाही कळतं की संपलं, आता हे कधीच होणार नाही.

थोडीशीच पानं आहेत ही. मी पुस्तक मांडीवर पालथं घालून बसून राहिले, त्याला ओरडून सांगावंसं वाटत होतं, अरे विचार ना! आणि टॉलस्टॉय तिथे एक शब्द जास्तीचा बोलत नाही, त्यांचं असं का झालं याचं भाषण देत नाही. तो नुसता आधी त्याच्या मनात जातो, मग तिच्या मनात जातो, आणि आपल्याला दोन्हीकडचं ऐकू येत असतं, फक्त त्या दोघांना एकमेकांचं ऐकू येत नाही. हा माणूस तर कुत्रीच्याही मनात जाऊन येतो. लेव्हिन शिकारीला जातो तेव्हा त्याची लास्का एका बाजूला वास काढत असते आणि हा तिला भलतीकडे पाठवतो, तर तिला वाटतं की तू म्हणतोस तर जाते बाबा, पण पक्षी तिकडे नाहीयेत. मला ते पान इतकं आवडलं की लगेच परत वाचलं.

आता जे नाही आवडलं तेही सांगते. शेतीवरच्या चर्चा, जमीनदारांच्या निवडणुका, हे मी नेटानं वाचलं पण जड गेलं. आणि ॲना गेल्यावर अख्खा आठवा भाग शिल्लक असतो, तो वाचताना मला राग येत होता, म्हणजे ती बाई तिकडे रुळांवर संपली आणि आपण इकडे लेव्हिनला देव सापडतो की नाही ते बघत बसायचं. ही कादंबरी पुस्तकरूपात १८७८ साली आली, दीडशे वर्षांत या शेवटच्या भागाबद्दल लोकांनी खूप बाजूनं लिहिलंय, मला माहितीये, पण माझा राग काही गेलेला नाही.

तर गेलं वर्षभर मी असं काहीही वाचत होते. यादी नाही, ठरवाठरवी नाही, जुन्या मराठी, भाषांतरं, रहस्यकथा, शाळेत असताना वाचलेल्या परत, कॉलेजात अर्धवट सोडलेल्या परत. आणि एक गोष्ट हळूहळू लक्षात यायला लागली. मला गोष्ट काय आहे याच्याशी वाटतं तेवढं देणंघेणं नाहीये. गोष्ट सांगतंय कोण आणि त्याचा आवाज मला पटतोय का, यावर माझं सगळं ठरतं. आवाज पटला तर मी दोनशे पानं काहीही घडलं नाही तरी बसून राहते.

याचं सगळ्यात चांगलं उदाहरण म्हणजे काझुओ इशिगुरोची द रिमेन्स ऑफ द डे. १९८९ ची, त्याच वर्षी बुकर मिळालेली. एक म्हातारा होत चाललेला इंग्लिश बटलर, स्टीव्हन्स, मालकाची गाडी घेऊन सहा दिवसांच्या सहलीला निघतो आणि वाटेत जुन्या आठवणी सांगतो, एवढीच स्टोरी. पहिली चाळीस-पन्नास पानं मला भयंकर कंटाळा आला, म्हणजे चांगला बटलर कोणाला म्हणावं, चांदीची भांडी कशी चकचकीत हवीत, हेच चाललेलं. पण मग ती १९२३ सालच्या परिषदेची रात्र येते. घरात मोठमोठे परदेशी पाहुणे, आणि वरच्या खोलीत स्टीव्हन्सचे वडील शेवटच्या घटका मोजतायत. ते त्याला काहीतरी बोलू बघतात, आपण चांगला बाप होतो की नाही असं काहीतरी, आणि हा म्हणतो की आता कामात आहे, सकाळी बोलू. खाली येतो, पाहुण्यांना पोर्ट वाइन देत फिरतो, आणि आपल्याला सांगताना एका शब्दानं म्हणत नाही की मला काही होतंय. आणि मग एकजण विचारतो तुला बरं नाहीये का, आणि थोड्या वेळानं मालक म्हणतो, तू रडतोयस की काय असं वाटतंय.

तेव्हा आपल्याला कळतं! सांगणारा तोच आहे, सगळं त्याच्याच तोंडून ऐकतोय आपण, आणि तो रडतोय हे आपल्याला दुसऱ्या माणसाच्या वाक्यातून कळतं. तो हसतो, रुमालानं तोंड पुसतो आणि दिवसभराची दगदग म्हणून सोडून देतो. मी ते पान वाचलं आणि मागे जाऊन सगळी पन्नास पानं परत वाचली, कारण ज्याला मी कंटाळवाणी बडबड समजत होते ती त्या माणसानं स्वतःभोवती बांधलेली भिंत होती. त्याच घरातली हाउसकीपर मिस केंटन, तिच्या बाबतीतही तो असाच, तिच्याबद्दल जे बोलायचंय ते सोडून बाकी सगळं बोलतो. शेवटी शेवटी ती जे सांगते ते मी इथे लिहित नाही, ज्यांनी वाचलं नसेल त्यांनी स्वतः वाचावं आणि तेव्हा शक्यतो घरात कोणी नसावं.

याच्या पाठोपाठ रेबेका हाताला लागली, द्यूमॉरिएची, १९३८ ची. ही मी सस्पेन्स म्हणूनच उघडली होती आणि सस्पेन्स आहेच, झकास आहे, पण मला धरून ठेवलं ते सांगणाऱ्या मुलीनं. तिला अख्ख्या पुस्तकात नाव नाहीये. मेलेल्या पहिल्या बायकोचं नाव पुस्तकाच्या कव्हरवर आणि जिवंत दुसरी, जी आपल्याशी चारशे पानं बोलते, तिला नाव नाही. नुसती ही कल्पना ऐकली असती तर मी म्हटलं असतं की ठीके, हुशारी आहे, पण वाचताना ती हुशारी वाटत नाही, दुखतं. तिच्या हातून मॅंडर्लीच्या, म्हणजे नवऱ्याच्या त्या मोठ्या वाड्याच्या, एका खोलीतली चिनी मातीची एक छोटी मूर्ती फुटते आणि घरची मालकीण असून ती तुकडे गोळा करून ड्रॉवरमध्ये मागे लपवते. पुढे नोकरावर आळ येतो तेव्हा तिला कबूल करावं लागतं, आणि ती हाउसकीपर मिसेस डॅनव्हर्स समोर उभी. ते वाचताना माझे तळहात घामेजले होते, शप्पथ. नवीन जागी, जिथे सगळ्यांना सगळं माहीत असतं आणि आपल्याला काहीच माहीत नसतं तिथे चूक झाल्यावर पोटात जो खड्डा पडतो ना, तो इतका बरोब्बर लिहिलाय. तिचा नवरा मॅक्सिम मात्र मला अजिबात आवडला नाही. ती मुलगी त्याला जे माफ करते ते मी नसतं केलं. आणि पुस्तक संपल्यावरही माझं समाधान झालं नाही की लेखिकेला तो आवडायला हवा होता की नको होता.

आता जरा अवघड विषय. ययाति आणि मृत्युंजय.

मला माहितीये की या दोन पुस्तकांवर लोकांचा जीव आहे, माझाही होता. मृत्युंजय मी चौदाव्या वर्षी वाचली आणि कर्णासाठी उशीत तोंड खुपसून रडले होते, मग दोन दिवस कोणाशी धड बोलले नव्हते. या वर्षी परत वाचली. सावंतांनी १९६७ मध्ये केवढी मोठी गोष्ट केली बघा, सहाजण बोलतात, कर्ण, कुंती, दुर्योधन, वृषाली, शोण आणि श्रीकृष्ण. पण यावेळी मला सारखं जाणवत राहिलं की सहाजण बोलतायत आणि आवाज एकच आहे. कुंती बोलते तेव्हाही तीच उपमांची रांग, दुर्योधन बोलतो तेव्हाही तीच, सूर्य, सागर, ज्वाला, वादळ. दुर्योधनाच्या डोक्यात शिरायला मी केवढ्या उत्सुकतेनं तो भाग उघडला होता, आणि तिथे मला दुर्योधन भेटलाच नाही, त्याच्या कपड्यातले लेखकच भेटले. एक शोण तेवढा वेगळा. हस्तिनापुराला निघालेल्या दादाच्या रथामागे धावत सुटलेलं ते पोर, त्याचं दादावरचं प्रेम इतकं सरळ आहे की तिथे भाषेच्या दागिन्यांचा त्रास होत नाही. तिथे मी परत चौदा वर्षांची झाले.

ययातिचंही तसंच, तिथे तिघं बोलतात. खांडेकरांच्या या कादंबरीला १९६० चं साहित्य अकादमी मिळालं, पुढे १९७४ मध्ये त्यांना ज्ञानपीठ मिळालं, आणि मला ती आजही महत्त्वाची वाटते कारण पोराचं तारुण्य मागणारा बाप ही कल्पनाच अशी आहे की ती कुठल्याही काळात अंगावर येते. पण पानोपानी सुविचार आहेत. वहीत लिहून घ्यावीत अशी वाक्यं एकामागून एक, मी शाळेत असताना खरंच घेतली होती लिहून. आता वाटतं की ज्या माणसाला भूक आवरत नाहीये तो इतकं नीटनेटकं कसं बोलेल? देवयानीचा भाग मला तरी सगळ्यात जिवंत वाटला, तिचा राग खरा वाटतो म्हणून. लोक तिला खलनायिका म्हणून मोकळे होतात, मला यावेळी तिचीच बाजू सगळ्यात जास्त कळली.

दोन्ही पुस्तकं मी कपाटात पुढच्याच रांगेत ठेवलीयेत. ज्यांनी आपल्याला वाचायला लावलं त्यांचं ऋण वेगळंच असतं. पण ऋण आहे म्हणून आवडलं असं खोटं नाही म्हणवत.

कोसलाचं बरोब्बर उलटं झालं. कॉलेजात असताना सगळे डोक्यावर घेत होते म्हणून घेतली आणि साठेक पानांत सोडली, मला तो पांडुरंग सांगवीकर अतिशय आगाऊ वाटला, सगळ्याला नावं ठेवणारा, आणि त्या उदाहरणार्थ नि वगैरेचा तर वीट आला. कादंबरी १९६३ ची, तेव्हा नेमाडे पंचविशीतले, पांडुरंगही पंचविशीतला. माझं वय तेव्हा एकोणीस. आता त्याच्यापेक्षा बरीच मोठी झाल्यावर वाचली आणि मला तो पोरगा एकदम लहान दिसला. होस्टेलवर पैसे उधळणारा, बापाला घाबरणारा, बापाचा राग करणारा, कोणालाच काही सांगता येत नाही म्हणून सगळ्याची टर उडवणारा. ते वगैरे म्हणजे त्याची पळवाट आहे हे मला तेव्हा कळलंच नव्हतं. वाक्य खरं व्हायला लागलं, कुठेतरी दुखायला लागलं की तो वगैरे म्हणून निसटतो.

आणि मग मणी जाते. त्याची धाकटी बहीण, देवी येऊन. तिथे त्याला निसटता येत नाही. तोच आवाज, तीच बोलायची ढब, पण आता ती टर उडवायची सवय त्याच्या काही कामाची उरलेली नाही, तो घरच्यांवर चिडतो, जगावर चिडतो, वाक्यं तुटत जातात. मी ती पानं एका दमात वाचू शकले नाही. तीनदा पुस्तक खाली ठेवलं. कॉलेजात मी या पानांपर्यंत पोचलेच नव्हते याचं मला आता फार वाईट वाटतं, म्हणजे इतकी वर्षं मी कोसला आवडत नाही असं लोकांना सांगत होते आणि जिथे ती खरी कोसला आहे ते मी वाचलंच नव्हतं.

योगायोग असा की त्याच महिन्यात पथेर पांचाली वाचत होते, बिभूतिभूषण बंद्योपाध्याय, १९२९. तिथेही बहीण जाते, दुर्गा, फक्त ती मोठी आणि अपू लहान. आणि तिथे कोणी चिडत नाही. सांगणारा इतका शांत आहे की आधी मला वाटलं मी काहीतरी वगळून पुढे आले की काय. दुर्गा गेल्यावर घर आवरताना अपूला तिनं पूर्वी चोरलेली, आणि मी नाही चोरली असं म्हणत जिच्यापायी मार खाल्ला ती वस्तू सापडते, आणि तो कोणाला न सांगता ती फेकून देतो. बस. एवढंसं पोर बहिणीची अब्रू सांभाळतंय. मणीसाठी मी रडले, दुर्गासाठी रडू आलं नाही, नुसता घसा दुखत राहिला. दोन्हींत डावं-उजवं करायला मला जमणार नाही आणि करायचंही नाहीये.

मार्केझच्या वन हंड्रेड इयर्स ऑफ सॉलिट्यूडचा मी हा तिसरा प्रयत्न होता आणि यावेळी पार पडला. आधी दोनदा नावांनी हरवलं होतं, कारण त्या बुएंदिया घरात प्रत्येक पिढीत तीच नावं, होसे आर्केदियो नि ऑरेलियानो, एका कर्नलचे तर सतरा मुलगे आणि सतराही ऑरेलियानो. यावेळी मी वंशावळीचं पान बघायचंच सोडून दिलं. म्हटलं, कोण कोणाचा कोण हे नाही कळलं तर नाही कळलं, आपण नुसतं ऐकायचं. आणि मग कादंबरी उघडली, कारण ती ऐकायचीच आहे! गावाला झोप न येण्याचा आजार होतो, मग विसरायला व्हायला लागतं, म्हणून वस्तूंना चिठ्ठ्या लावतात, ही गाय आहे, हिचं रोज सकाळी दूध काढायचं असतं. पाऊस लागतो तो चार वर्षं अकरा महिने आणि दोन दिवस. एकजण मरतो तर त्याच्या रक्ताची धार घराबाहेर पडते, रस्त्यानं जाते, वळणं घेते, दुसऱ्या घरात शिरते, गालिचा खराब होऊ नये म्हणून भिंतीच्या कडेनं जाते आणि आईच्या स्वयंपाकघरात पोचते जिथे ती छत्तीस अंडी फोडायच्या तयारीत असते. छत्तीस! आकडा इतका नेमका की रक्ताच्या धारेवर शंका घ्यायला जागाच राहत नाही. मार्केझनं स्वतः सांगितलंय की हा सूर त्यानं आजीकडून घेतला, ती वाटेल त्या अद्भुत गोष्टी चेहऱ्यावरची रेष न हलवता सांगायची. हे कळल्यावर मला सगळा उलगडा झाला. आवाज चढवला असता तर हे सगळं खोटं वाटलं असतं. शेवटची तीस-चाळीस पानं तर मी उभ्यानंच वाचली, बसवेना. तरी मधला बराच भाग, युद्धांचा, मला आजही लांबलेला वाटतो.

एक तुलना मनातून जातच नाहीये. दोन कादंबऱ्या, दोन्हींच्या नायकाचं नाव सान्तियागो. एक हेमिंग्वेचा म्हातारा कोळी, १९५२, ज्याचं पुलंनी एका कोळियाने म्हणून मराठी केलं, आणि दुसरा कोएलोच्या अल्केमिस्टमधला मेंढपाळ पोरगा, १९८८. अल्केमिस्ट मला तीन वेगवेगळ्या लोकांनी भेट दिलीये, तिघांनीही मनापासून दिलीये, आणि मला माहितीये की तिघांच्याही वाईट काळात त्या पुस्तकानं त्यांना हात दिला होता, त्यामुळे मी त्याला टाकाऊ म्हणणार नाही. पण मला ते चालत नाही. प्रत्येक वळणावर कोणीतरी भेटतं आणि या वळणाचा अर्थ काय ते सांगतं. राजा सांगतो, किमयागार सांगतो, वारा सांगतो. मला विचार करायला काही शिल्लकच ठेवत नाहीत. उलट तो म्हातारा. चौऱ्याऐंशी दिवस मासा नाही, पंचाऐंशीव्या दिवशी निघतो, मासा लागतो, दोरीनं हात सोलवटतात, डावा हात आखडून पक्ष्याच्या पंजासारखा होतो आणि तो त्या हाताशी बोलतो, त्याला रागावतो, त्याला कच्चा मासा खाऊन ताकद देतो. याचा अर्थ काय हे कोणीच सांगत नाही. मी त्या हाताबद्दल महिनाभर विचार करत होते.

ॲगाथा ख्रिस्तीची द मर्डर ऑफ रॉजर ॲक्रॉइड, १९२६, हिच्याबद्दल थोडक्यात, कारण जास्त बोलले तर वाचणाऱ्याचं नुकसान. एवढंच सांगते की संपल्यावर लगेच पहिल्या पानापासून परत वाचा. बाईनं कुठेही खोटं सांगितलेलं नाही. एकही ओळ नाही. मी पेन्सिल घेऊन बसले होते शोधायला.

रणांगण एका बैठकीत वाचून झाली. विश्राम बेडेकर, १९३९, युरोपातून मुंबईला येणारी बोट, एक मराठी पुरुष, चक्रधर, आणि हिटलरच्या जर्मनीतून बाहेर पडलेली ज्यू मुलगी हॅर्टा, आणि मोजकेच दिवस. हातात घेतली तेव्हा वाटलं की जुनी मराठी प्रेमकथा, भाषा अवघडलेली असेल. कसलं काय! आजच कोणीतरी लिहिलीये इतकी ताजी. महायुद्ध अजून व्हायचंय, छळछावण्यांचं पुढचं सगळं जगाला कळायचंय, आणि या माणसाला बोटीवरच्या त्या लोकांच्या चेहऱ्यावर ते दिसलंय. चक्रधरचा मला संताप आला. तो वाईट नाहीये, तोच तर त्रास आहे, तो बोट किनाऱ्याला लागायची वाट बघणारा माणूस आहे आणि तिला उतरायला किनाराच नाही. आणि तो स्वतःच हे सांगतो, स्वतःला न सोडता सांगतो, म्हणून पुस्तक फेकून देता येत नाही.

मॉबी डिक मी अजून वाचतेय, त्यामुळे अर्धवट मत देते. एकशे पस्तीस प्रकरणं. बत्तिसावं प्रकरण म्हणजे देवमाशांचे प्रकार, पुस्तकांच्या आकारांसारखी त्यांची वर्गवारी, आणि तिथे मी पूर्वी दोनदा सोडलीये. यावेळी मी ते प्रकरण मोठ्यानं वाचलं आणि पार झाले. एक गंमत मात्र कळली, इश्माएल सगळं सांगतोय म्हणता म्हणता मध्येच कॅप्टन एहॅब त्याच्या केबिनमध्ये एकटा बसून मनाशी बोलतो ते आपल्याला ऐकू येतं, तिथे इश्माएल असायचा संबंधच नाही. मेलव्हिलला याची फिकीर नाही. आणि मलाही नाहीये, त्या माणसाचा आवाज असा आहे की तो कुठूनही बोलला तरी मी ऐकेन.

बनगरवाडी मला वाटतं मी पाचव्यांदा वाचली. माडगूळकरांचा तो पोरसवदा मास्तर अंधारात एकटा चालत निघतो तिथपासून. तो स्वतःबद्दल जवळजवळ काही बोलत नाही, नुसता बघतो, कारभारी, आयबू, आनंदा रामोशी, एका बैलाच्या जोडीला स्वतः जू मानेवर घेणारी शेकूची बायको. पाऊस येत नाही, मेंढरं मरतात, वस्ती रिकामी होत जाते. माणसं जाताना कोणी भाषण करत नाही, सामान बांधतात आणि जातात. मी मागच्या वेळी वाचली तेव्हा मला ते फार कोरडं वाटलं होतं, यावेळी वाटलं की याहून एक शब्द जास्त लिहिला असता तर मी विश्वास ठेवला नसता.

शेवटची पाचोळा, रा. रं. बोराडे, १९७१. गंगाराम शिंप्याची बायको पारबती सगळं सांगते, मराठवाडी बोलीत, पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत. नवऱ्याचं गावातल्या बड्या माणसाशी वाकडं येतं, तो हट्टाला पेटतो, आणि संसार कसा उडत जातो ते ती बघत राहते. मी मनात वाचायला लागले तर अडखळत होते, डोळे त्या बोलीला सरावलेले नव्हते, वेग येईना. म्हणून मोठ्यानं वाचायला लागले, आणि अडखळणं गेलंच, कारण ती लिहिलेलीच नाहीये, बोललेली आहे.

माझा धाकटा भाऊ कादंबऱ्या वाचत नाही. कधीच नाही. तो त्याच खोलीत मोबाइल घेऊन पडला होता आणि मी आपली वाचत होते, दहाएक पानं झाली असतील, मग मला कोणाचा तरी फोन आला म्हणून पुस्तक ठेवून बाहेर गेले. बोलून परत आले तर तो उठून बसला होता, मोबाइल बाजूला होता. म्हणाला, "ताई, मग त्या गंगारामनं ऐकलं का तिचं?"

मी म्हटलं, पुस्तक तिथेच तर होतं, बघायचं ना.

"नाही," म्हणाला, "तू वाच. ती बोलतेय तसं."